नाताळचे पिक्चर आणि घाबरलेले मेंढपाळ

२६ डिसेंबर
आजचं वाचन : लूक २:८-२०

काल सकाळी उपासना, मग घरोघरी फराळाची ताटं, मग बिर्याणी. त्यामुळे आज लिहायला बसेपर्यंत दुपार झाली. समजून घ्या.

या वर्षी कॅरल राउंडला मी टेम्पोत मागे बसलो होतो. रात्रीचे साडेअकरा, ढोलकीवाला आणि गिटारवाला दोघंही दमलेले, पुढचं घर हडपसरच्या पलीकडे. तेवढ्यात तरुण संघातल्या एकीने विषय काढला, की सुट्टीत बघायचा नाताळचा सगळ्यात आवडता पिक्चर कुठला आणि सगळ्यात नावडता कुठला? पुढची वीस मिनिटं टेम्पोत जे भांडण झालं तसं मंडळीच्या वार्षिक सभेतही होत नाही. 'डाय हार्ड' नाताळचा पिक्चर आहे की नाही, यावरून सरळ दोन गट पडले. (माझं मत : गोष्ट नाताळच्या पार्टीत घडते, एवढ्यावरून पिक्चर नाताळचा होत नाही. अमेरिकेत तो १९८८ च्या जुलैमध्ये लागला होता. पण चांगला आहे, बघा.) माझी पाळी आली आणि तेवढ्यात पुढचं घर आलं, मी वाचलो. उत्तर आज देतो, कारण आजच्या वाचनाशी त्याचा संबंध आहे. आणि परवा रात्री त्यातल्याच एका पिक्चरमुळे माझ्या घरी थोडं काहीतरी झालं, तेही सांगायचं आहे.

आधी वाचन. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत बसलेत. रोजची ड्युटी. अचानक देवदूत समोर उभा राहतो, सगळीकडे प्रकाश होतो, आणि या लोकांची पहिली प्रतिक्रिया आनंदाची नाही. ते घाबरतात. लूक नुसतं घाबरले म्हणून सोडत नाही, फारच घाबरले असं सांगतो. आणि देवदूत तोंड उघडतो ते याच भीतीबद्दल बोलायला, की घाबरू नका. मंदिरात जखऱ्याला हेच सांगितलं होतं. नासरेथात मरीयेला हेच. योसेफाला स्वप्नात हेच (ते मत्तयात आहे, पहिल्या अध्यायात). आपण गव्हाणी सजवतो, कापसाचा बर्फ टाकतो, लुकलुकणाऱ्या माळा लावतो, त्यात एक गोष्ट दिसेनाशी होते. ही सगळी माणसं घाबरलेली होती.

म्हणून माझा नाताळच्या पिक्चरचा हिशोब सरळ आहे. ज्या पिक्चरला माणूस कशाला घाबरतो हे माहीत आहे, तो मला आवडतो. ज्याला माहीत नाही, तो मी केक खात खात बघतो आणि विसरून जातो.

मला हे पिक्चर बघायची सवय नोकरीमुळे लागली. आमचा क्लायंट अमेरिकेचा. डिसेंबरची वीस तारीख उलटली की कोड फ्रीज लागतो, म्हणजे प्रॉडक्शनला कोणी हात लावायचा नाही, कारण काही मोडलं तर दुरुस्त करायला तिकडे माणूसच जागेवर नसतो. आपण लॉगिन करून बसतो आणि स्क्रीनकडे बघतो. २०१६ च्या हिवाळ्यात मला शिकागोला पाठवलं होतं आणि तो नाताळ मी एकट्याने काढला. हॉटेलच्या टीव्हीवर जे लागेल ते बघितलं.

तिथेच पहिल्यांदा 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' बघितला. कार्टून आहे, अर्ध्या तासाच्या स्लॉटचं, ९ डिसेंबर १९६५ ला सीबीएसवर पहिल्यांदा दाखवलेलं. चार्ली ब्राउन नावाचा पोरगा उदास आहे. सगळीकडे सण आहे आणि त्याला आतून काही वाटत नाही, हे त्याला कळतंय आणि तेच त्याला खातंय. शेवटी तो ओरडून विचारतो की नाताळ म्हणजे नक्की काय हे कोणाला माहीत तरी आहे का? मग लायनस नावाचा त्याचा मित्र स्टेजच्या मधोमध येऊन, लाइट कमी करायला सांगून, आजचंच वाचन तोंडपाठ म्हणतो. लूक दोन, आठवं वचन ते चौदावं. चॅनेलवाल्यांना हा कार्यक्रम आवडला नव्हता. संथ आहे, जॅझ कशाला, आणि कार्टूनमध्ये पवित्र शास्त्र कोण वाचतं? पण चार्ल्स शुल्झ, ज्यांनी ही पात्रं काढली, ते हटले नाहीत. वाचन राहिलं. कार्यक्रमाला एमी मिळालं आणि तो वर्षानुवर्षं टीव्हीवर लागत राहिला.

यातली एक बारीक गोष्ट मला दुसऱ्यांदा बघताना दिसली. लायनसकडे कायम एक निळी चादर असते. झोपताना, खेळताना, कुठेही. तीच त्याची सुरक्षितता. सगळे चिडवतात तरी तो ती सोडत नाही. वाचन म्हणताना देवदूत मेंढपाळांना घाबरू नका म्हणतो त्या जागी तो येतो, आणि त्याच्या हातातून चादर खाली पडते. त्याचं त्यालाही लक्षात येत नसावं. वाचन संपल्यावर तो वाकून चादर परत उचलतो आणि चालू लागतो. हे परत उचलणं मला जास्त आवडतं. आपलंही तसंच आहे. उपासनेत हात मोकळे, पार्किंगमध्ये येईपर्यंत चादर परत खांद्यावर.

आता नावडते, भराभर.

'लव्ह अ‍ॅक्च्युअली' (२००३) माझ्या बायकोला आवडतो, त्यामुळे जपून बोलतो. एमा थॉम्प्सनचा नवऱ्याने फसवल्याचा प्रसंग सोडला, तर मला त्यातलं काही पटलं नाही. मित्राच्या बायकोच्या दारात पाट्या घेऊन उभं राहणं याला मी प्रेम म्हणत नाही. झालं.

'ख्रिसमस विथ द क्रँक्स' (२००४). एक जोडपं ठरवतं की यंदा नाताळ करायचा नाही, त्या पैशात बोटीने फिरायला जायचं. मग अख्खी गल्ली त्यांच्या मागे लागते, की छपरावर तो बर्फाचा पुतळा लावाच. पिक्चरच्या मते हे विनोदी आहे. मला तर आमच्या नगरच्या वाड्यातलं 'लोक काय म्हणतील' आठवलं, चांदणी मोठी लावली नाही तर काय, पडदे नवे घेतले नाहीत तर काय. शेवटी तो नवरा आपली तिकिटं आजारी शेजारणीला देऊन टाकतो, तेवढं बरं आहे. पण तिथपर्यंत पोचायला दीड तास शेजाऱ्यांची दादागिरी सहन करावी लागते.

आणि 'द पोलर एक्सप्रेस' (२००४). हा नावडता आहे म्हटल्यावर टेम्पोतून ढकलून दिलं असतं मला. बघायला छान आहे, ट्रेन छान आहे, टॉम हँक्स एकटाच पाच-सहा भूमिका करतो. लेकीला आवडतो, मी तिच्याबरोबर तीनदा बघितलाय. माझी तक्रार एकच. पिक्चरभर एकच शिकवण, विश्वास ठेव. तिकिटावर कंडक्टर तेच पंच करून देतो. जो विश्वास ठेवतो त्यालाच घंटी ऐकू येते. पण कशावर? कोणावर? आमच्या भाषेत हा नल पॉइंटर आहे. बाण आहे, तो जिथे दाखवतो तिथे काहीच नाही. जरा ताण आला की प्रोग्रॅम पडणार.

मेंढपाळांना नुसतं विश्वास ठेवा असं कोणी सांगितलं नाही, हे परत एकदा वाचून बघा. अकरावं आणि बारावं वचन. गाव कुठलं ते सांगितलं, दावीदाचं. कोण जन्मलाय ते सांगितलं. ओळखायचं कसं तेही सांगितलं, कापडात गुंडाळलेलं बाळ, आणि ते गव्हाणीत. हे खरं आहे की नाही, जाऊन बघता येईल असं. आणि ते काय करतात? चला, जाऊन बघू या, म्हणतात आणि घाईने निघतात. भीती अजून पूर्ण गेली होती का? लूक तसं लिहीत नाही. पाय निघाले एवढं लिहितो.

आता आवडत्यांतला मोठा. 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६, फ्रँक काप्रा. ब्लॅक अँड व्हाइट बघून बंद करू नका, प्लीज. तेव्हा हा पिक्चर खर्चही भरून काढू शकला नव्हता. १९७४ मध्ये त्याचा कॉपीराइट नव्याने करून घ्यायचा राहून गेला, टीव्ही चॅनेलना तो फुकटात दाखवता यायला लागला, आणि दर डिसेंबरला लागून लागून तो घराघरात गेला. कोणाच्या तरी विसराळूपणातून देवाने केलेलं काम, असं मी गमतीत म्हणतो.

जॉर्ज बेली नावाचा माणूस आहे. गावाबाहेर पडून जग बघायचं, मोठं काही बांधायचं, हे त्याचं स्वप्न. दर वेळी घरच्या कुठल्या तरी जबाबदारीसाठी तो मागे थांबतो. धाकटा भाऊ शिकतो, युद्धात नाव काढतो, हा बापाची छोटी गृहकर्ज संस्था सांभाळत गावातच राहतो. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या काकाच्या हातून संस्थेचे आठ हजार डॉलर हरवतात. ते सापडतात गावातल्या सावकाराला, पॉटरला, आणि तो गुपचूप ठेवून घेतो. जॉर्जला आता तुरुंग दिसायला लागतो. घरी येऊन बायको-पोरांवर ओरडतो, मुलीच्या शिक्षिकेला फोनवर वाट्टेल ते बोलतो. मग बारमध्ये बसून, प्रार्थनेची सवय नसलेला हा माणूस हळू आवाजात देवाला म्हणतो की मला वाट दाखव. प्रार्थना संपते आणि लगेच त्या शिक्षिकेचा नवरा त्याला एक ठोसा लगावतो. इतकी खरी प्रार्थना मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये बघितलेली नाही.

पुलावरचं आणि देवदूताचं सगळं सांगत नाही, बघा. दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या लोकांच्या नजरेतून सुटतात. एक, पॉटरला शेवटपर्यंत शिक्षा होत नाही. पैसे त्याच्याकडेच राहतात. दुसरी, जॉर्ज बर्फातून आनंदाने ओरडत घराकडे धावतो तेव्हा काहीच सुटलेलं नसतं. घरात पोलीस वॉरंट घेऊन उभा आहे, हे तो बघतो आणि तरी हसतोय. गावकरी पैसे घेऊन येतात ते त्यानंतर. आनंद आधी, पैसे मागाहून. विसाव्या वचनात मेंढपाळही परत गेले, कुठे, तर त्याच मेंढरांकडे. पगार वाढला नव्हता. हेरोद गादीवर तसाच होता.

जॉर्ज बघताना मला दर वेळी माझा दादा आठवतो. आणि हे लिहायला मला आज दोन तास लागले.

आम्ही दोघं भाऊ. नगरला वाढलो. चर्चच्या आवारात पडदा लावून 'दयासागर' दाखवायचे तेव्हा पुढे जागा मिळायची नाही, म्हणून दादा मला पडद्याच्या मागच्या बाजूला घेऊन जायचा. तिकडून पिक्चर उलटा दिसतो, पाटीवरची अक्षरं उलटी, येशू डाव्या हाताने आशीर्वाद देतोय. पण जागा ऐसपैस. मला दहावीपर्यंत पिक्चरच्या पाट्या उलट्या वाचता यायच्या. पुढे मी इंजिनिअरिंगला पुण्याला आलो आणि दादा तिथेच राहिला. आईचं आजारपण त्याने काढलं, नंतर पप्पांचंही. मी शनिवार-रविवार जायचो आणि पैसे पाठवायचो.

पप्पा गेले, चार वर्षं झाली. त्यांच्या स्मरण उपासनेच्या संध्याकाळी पाहुणे जायचे होते, खुर्च्या उचलायच्या होत्या, आणि मी लॅपटॉप उघडून दादाला एक्सेल शीट दाखवली. घराची किंमत, दोन समान हिस्से, त्याने मला किती द्यायचे आणि किती हप्त्यांत. हिशोबात एकही चूक नव्हती. दादाने ती शीट नीट शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाला, "सेवेचा कॉलम कुठाय रे?" मी काहीतरी बोललो. तोही बोलला. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच परत गेल्या. त्यानंतर आम्ही बोललो नाही. या चार वर्षांत मी इथे क्षमेवर किती वेळा लिहिलं, ते जुनं चाळलंत तर सापडेल तुम्हाला. मला चाळवत नाही.

परवा, २४ च्या रात्री, मध्यरात्रीच्या उपासनेला अवकाश होता म्हणून लेकीबरोबर 'होम अलोन' लावला. १९९० चा. आठ वर्षांचा केव्हिन घरात एकटा राहतो आणि चोरांना पळवून लावतो, हे सगळ्यांना माहीतच आहे. शिकागोत असताना मी रविवारी लोकल पकडून विनेटकाला ते घर रस्त्यावरून बघून आलो होतो, तेव्हा हा पिक्चर मला पाठ आहे असं वाटायचं. पण मधला चर्चचा प्रसंग मी कायम चोरांची वाट बघत घालवलेला. (बाहेरून दिसतं ते चर्च विल्मेटचं आणि आतलं ओक पार्कचं. पिक्चरवाले असेच जोडकाम करतात.)

केव्हिन नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन बसतो. मुलं गाण्याची तयारी करतायत. शेजारचा म्हातारा मार्ली, ज्याच्याबद्दल गल्लीतली पोरं भयंकर अफवा पसरवतात, तो येऊन जवळ बसतो. कळतं की तो नातीचं गाणं ऐकायला आलाय, तेही चोरून, कारण मुलाशी त्याचं वर्षांपूर्वी भांडण झालंय आणि बोलणं बंद आहे. केव्हिन विचारतो, मग फोन का नाही करत? म्हातारा म्हणतो, भीती वाटते, तो बोलला नाही तर? केव्हिनला तळघराची भीती वाटायची. तो म्हणतो की लाइट लावून बघितलं तर तिथे काही नव्हतं. फोन करा, म्हणजे निदान घाबरत राहायला तरी नको.

माझी लेक चिप्स खाता खाता म्हणाली, "बाबा, एवढा मोठा माणूस फोनला घाबरतो?"

मी म्हटलं, "घाबरतात गं."

तिने पुढे काही विचारलं नाही. दादाला ती नीट ओळखतही नाही, चार वर्षांपूर्वी ती तीन वर्षांची होती. तिने अगदी सहज विचारलं होतं, आणि म्हणूनच मला पुढचा पिक्चर दिसला नाही. चोर जिन्यावरून पडत होते, ती हसत होती.

रात्री उपासनेत दानपात्र फिरलं तेव्हा मत्तयाचा पाचवा अध्याय डोक्यात होता, तेविसावं-चोविसावं वचन. अर्पण वेदीपाशी नेलंय आणि आठवलं की भाऊ दुखावलेला आहे, तर येशू सांगतो की अर्पण राहू दे, आधी त्याच्याकडे जा. तिथे असं कुठेही म्हटलेलं नाही की चूक कोणाची ते आधी ठरवा. मी हे वचन तुम्हाला समजावून सांगितलेलं आहे. मूळ शब्दांसकट, दोन भागांत. दानपात्र आलं, मी पाकीट टाकलं आणि पुढे सरकवलं.

काल दुपारी बिर्याणीनंतर गच्चीवर गेलो. नंबर अजून पाठ आहे. तीन रिंग झाल्या तेव्हा कट करावा वाटलं. मग वहिनींनी उचलला. "कोण? भाऊजी?" आणि मग बराच वेळ नुसता घरातला आवाज, भांडी, कोणाचा तरी टीव्ही. दादा आला.

म्हणाला, "जेवलास का?"

मी म्हटलं हो. तू? तो म्हणाला हो. मग मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी शीट उघडायला नको होती मी." तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पोरगी कितवीला आहे आता?" मी म्हटलं, दुसरीला. तो म्हणाला, "मोठी झाली." आणि मग, "ठेवतो रे, नळाला पाणी आलंय."

नगरला पाणी येतं तेव्हा खरंच फोन ठेवावा लागतो, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. तरी मी गच्चीवर तसाच उभा राहिलो, की खरंच पाणी आलं असेल का. एक मिनिट पन्नास सेकंदांचा कॉल, लॉगमध्ये आहे. घराचा विषय निघाला नाही. कागद जिथे होते तिथेच आहेत, त्या शीटचं काय करायचं मला अजून माहीत नाही. आज सकाळी परत फोन करावा वाटत होतं आणि परत तशीच भीती वाटली, जराही कमी नाही. म्हणून आधी हे लिहायला बसलो.

प्रार्थना : प्रभू, तुझे मेंढपाळ घाबरलेले असतानाच निघाले. आज संध्याकाळी सहाच्या आधी, पाणी यायच्या आधी, मला फोन करायला लाव. दादाच्या घरावर, वहिनींवर, त्यांच्या मुलांवर तुझी कृपा असू दे. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्याच्या हातात आत्ता फोन आहे आणि नंबर पाठ आहे, त्याच्याजवळ तू बस. आमेन.

उद्याचं वाचन : मत्तय २:१३-१८